पत्ते मोजायचे, पण कोणत्या पद्धतीने?

मेंढीकोट खेळणाऱ्या प्रत्येक घरात एक तरी जण असा असतो, की गेलेल्या पानांचा हिशेब त्याच्या डोक्यात पक्का असतो. चारपैकी किती दश्श्या गेल्या, हुकमाची किती पाने अजून बाहेर आहेत, समोरच्याकडे बदाम उरले असतील का, हे तो न लिहिता सांगतो. हरल्यावर बाकीचे म्हणतात, ‘याला पाने दिसतात.’ खरे तर त्याला पाने दिसत नाहीत. गेलेली पाने आठवतात आणि त्यावरून उरलेल्यांचा अंदाज बांधता येतो.

हेच कौशल्य अमेरिकेतल्या कॅसिनोंमध्ये ‘ब्लॅकजॅक’च्या टेबलावर गेली साठ वर्षे वापरले जाते. तेथे प्रत्येक डावावर पैसे लागलेले असतात. म्हणून गेलेली पाने लक्षात ठेवण्यासाठी गणितज्ञांनी आणि खेळाडूंनी अनेक पद्धती तयार केल्या. काही अगदी सोप्या आहेत, तर काही इतक्या बारीक आहेत, की त्यात अर्धे आणि दीड गुण मोजावे लागतात. यातली कोणती निवडावी, हा प्रश्न वरवर जुगाऱ्यांचा वाटतो. पण त्याचे उत्तर शोधताना माणसाच्या मेंदूची मर्यादा, दडपणाखाली होणाऱ्या चुका आणि प्रसूतिगृहातील डॉक्टरांचे एक साधे गणित, इथपर्यंत जावे लागते.

या खेळाला ‘आठवण’ असते

ब्लॅकजॅकचे नियम सोपे आहेत. खेळाडू आणि पाने वाटणारा डीलर यांच्यात सामना असतो. ज्याच्या पानांची बेरीज २१ च्या जास्त जवळ, तो जिंकला. २१ ओलांडले की बाद. राजा, राणी, गुलाम आणि दश्शी यांचे १० गुण, एक्क्याचा १ किंवा ११, बाकीची पाने आपापल्या अंकाची. पहिल्या दोन पानांतच एक्का आणि दहाचे पान आले, तर तो ‘ब्लॅकजॅक’. त्यावर खेळाडूला लावलेल्या रकमेच्या दीडपट मिळते. डीलरला मात्र मनाप्रमाणे खेळता येत नाही. बेरीज १७ होईपर्यंत त्याला पान घ्यावेच लागते.

कॅसिनोचा फायदा एका गोष्टीत आहे. खेळाडू आधी खेळतो. तो २१ ओलांडून बाद झाला, की त्याचे पैसे गेले. नंतर डीलरही बाद झाला तरी ते परत मिळत नाहीत. १९५६ मध्ये अमेरिकी लष्करात काम करणाऱ्या बाल्डविन, कँटी, मायझेल आणि मॅकडरमॉट या चौघांनी टेबलावरच्या यांत्रिक गणकयंत्रांवर हिशेब करून प्रत्येक परिस्थितीत पान घ्यावे की थांबावे, याचा सर्वोत्तम तक्ता प्रसिद्ध केला. पुढे याच तक्त्यातून ‘मूळ डावपेच’ घडले. ते बिनचूक पाळले, तर चांगल्या नियमांच्या टेबलावर कॅसिनोची आघाडी साधारण अर्ध्या टक्क्यावर येते.

फासे किंवा रूलेटच्या चाकाला मागचे काही आठवत नाही. प्रत्येक वेळी शक्यता तीच. ब्लॅकजॅकमध्ये मात्र खेळलेली पाने बाजूला जातात आणि उरलेल्या कॅटमधून पुढचा डाव वाटला जातो. त्यामुळे मागच्या डावांचा परिणाम पुढच्या डावावर होतो. उरलेल्या पानांत एक्के आणि दहाची पाने जास्त असतील, तर ते खेळाडूच्या फायद्याचे असते. ब्लॅकजॅक दोघांनाही जास्त वेळा लागतो, पण दीडपट रक्कम फक्त खेळाडूला मिळते. शिवाय १२ ते १६ वर अडकलेल्या डीलरला पान घ्यावेच लागते आणि मोठे पान येऊन तो बाद होतो. उलट दुर्रीपासून छक्कीपर्यंतची लहान पाने जास्त उरली असतील, तर ती डीलरला वाचवतात.

थॉर्प आणि पहिली मोजणी

उरलेल्या पानांचा हा परिणाम आकड्यांत मांडला तो एडवर्ड थॉर्प या तरुण गणितज्ञाने. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये (एमआयटी) शिकवत असताना त्याने तिथल्या आयबीएम ७०४ या संगणकावर प्रश्न विचारला: कॅटमधून एखाद्या अंकाची पाने काढून टाकली, तर काय होते? उत्तर अनपेक्षित होते. सर्वांत जास्त फरक राजा-राणीने किंवा एक्क्याने पडत नव्हता, तर क्षुल्लक वाटणाऱ्या पंजीने पडत होता. चारही पंज्या गेल्या, की खेळाडू कॅसिनोच्या तीन टक्क्यांहून अधिक पुढे जात होता.

१९६१ मध्ये थॉर्पचा निबंध अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. माहितीशास्त्राचा जनक मानला जाणारा क्लॉड शॅनन याने तो तिथपर्यंत पोहोचवायला मदत केली. त्याच वर्षी दोन धनिक जुगाऱ्यांनी दिलेल्या १० हजार डॉलरांवर थॉर्पने नेव्हाडात प्रत्यक्ष खेळून सुमारे ११ हजार डॉलर कमावले. १९६२ मध्ये त्याचे ‘बीट द डीलर’ हे पुस्तक आले आणि मोजणी सर्वांच्या हाती पडली.

थॉर्पची मुख्य पद्धत मात्र डोक्याला जड होती. तिच्यात दोन आकडे एकाच वेळी सांभाळावे लागत. एका कॅटमध्ये दहाची पाने १६ आणि बाकीची ३६. प्रत्येक पान गेल्यावर त्या त्या आकड्यातून एक वजा करायचा आणि पैसे लावण्याआधी एकाला दुसऱ्याने भागायचे. सुरुवातीला हे गुणोत्तर २.२५ असते. ते २ च्या खाली आले, की पारडे खेळाडूकडे झुकले असे समजायचे. गणिताच्या प्राध्यापकाला हे जमले. गोंगाटात, समोर भराभर पाने पडत असताना सामान्य माणसाला ते अवघडच होते.

उपाय १९६३ मध्ये निघाला. हार्वे डबनर या अभियंत्याने सोपी कल्पना मांडली. दुर्री ते छक्की ही लहान पाने गेली, की प्रत्येकी अधिक एक. दहाची पाने आणि एक्का गेला, की वजा एक. सत्ती, अठ्ठी, नव्वी शून्य. एका कॅटमध्ये लहान पाने २०, मोठीही २०. म्हणजे पूर्ण कॅट मोजून झाला, की बेरीज शून्यावर आली पाहिजे. न आल्यास मोजणी चुकली. या पद्धतीला ‘हाय-लो’ म्हणतात. आयबीएममधील ज्युलियन ब्राऊन याने संगणकावर तिचे तपशील पक्के केले. थॉर्पच्या पुस्तकाच्या १९६६ च्या आवृत्तीत ती आली आणि आजही तीच सर्वाधिक वापरात आहे.

एकाच डावाचे चार हिशेब

हाय-लोनंतर अनेकांना वाटले, की सगळ्या लहान पानांना सारखाच एक गुण देणे ढोबळ आहे. एका कॅटच्या खेळात एक पंजी गेली, तर खेळाडूचा फायदा साधारण दोन-तृतीयांश टक्क्याने वाढतो. दुर्री गेली, तर त्याच्या जेमतेम निम्म्याहून थोडा जास्त. एक्का गेला, तर सुमारे ०.६ टक्के तोटा होतो. अठ्ठी गेली काय आणि राहिली काय, फरक जवळजवळ शून्य. मग गुणही त्या प्रमाणात का देऊ नयेत?

त्यातून पुढच्या पद्धती आल्या. ‘वाँग हाव्ह्ज’ या पद्धतीत दुर्री आणि सत्तीला अर्धा, पंजीला दीड, तीन, चार आणि सहाच्या पानांना एक, नव्वीला वजा अर्धा आणि दहाची पाने व एक्का यांना वजा एक असे गुण आहेत. ‘ओमेगा टू’मध्ये चार, पाच, सहाच्या पानांना दोन, दोन, तीन, सातला एक, नव्वीला वजा एक, दहाच्या पानांना वजा दोन आणि एक्क्याला शून्य. त्यात गेलेले एक्के वेगळे मोजावे लागतात. याच्या उलट दिशेला ‘नॉक-आउट’ ही पद्धत आहे. ऑलाफ वँकुरा आणि केन फुक्स यांनी १९९८ मध्ये ती पुस्तकरूपाने मांडली. ती हाय-लोसारखीच, फक्त सत्तीलाही अधिक एक देणारी.

फरक समजण्यासाठी एक डाव पाहू. टेबलावर पंजी, राजा, सत्ती, तिर्री, नव्वी, एक्का आणि चारचे पान अशी सात पाने पडली. हाय-लोत बेरीज अधिक एक. नॉक-आउटमध्ये अधिक दोन. वाँग हाव्ह्जमध्ये अधिक दीड. ओमेगा टूमध्ये अधिक तीन आणि शेजारी ‘एक एक्का गेला’ अशी वेगळी नोंद. अशी सात पाने टेबलावर येऊन उचलली जायला काही सेकंदच लागतात.

एवढ्यावर काम संपत नाही. कॅसिनोत बहुतेक ठिकाणी सहा किंवा आठ कॅट एकत्र पिसलेले असतात. बेरीज अधिक १२ असेल, पण अजून सहा कॅट शिल्लक असतील, तर त्याचा अर्थ वेगळा आणि दोनच उरले असतील, तर वेगळा. म्हणून हाय-लोत बेरजेला उरलेल्या कॅटच्या अंदाजे संख्येने भागावे लागते. बारा भागिले तीन, म्हणजे चार. या भागाकाराला ‘खरी मोजणी’ म्हणतात. ती एकने वाढली, की खेळाडूच्या बाजूने साधारण अर्धा टक्का वाढतो.

नॉक-आउट पद्धतीत हा भागाकारच नाही. सत्तीलाही एक गुण दिल्यामुळे प्रत्येक कॅटमागे बेरीज चारने पुढे सरकते. सहा कॅटच्या खेळात वजा २० पासून सुरुवात करायची. बेरीज वजा ४ वर पोहोचली, की पारडे खेळाडूकडे झुकू लागले, असे समजायचे. जसजशी पाने संपतात, तसतसा आकडा आपोआप वर येतो. किती कॅट उरले, हे डोळ्यांनी मापण्याची गरज उरत नाही.

कागदावर कोण पुढे?

या पद्धतींची तुलना कशी करायची, हे कॅलिफोर्नियातील गणिताचे प्राध्यापक पीटर ग्रिफिन यांनी १९७९ च्या आपल्या पुस्तकात दाखवले. त्यांनी दोन मापे दिली. पहिले माप म्हणजे पैसे केव्हा जास्त लावावेत, हे ती पद्धत किती नेमके सांगते. दुसरे म्हणजे हातातला डाव खेळताना, पान घ्यावे की थांबावे, हे ती किती चांगले सांगते. दोन्हींत १ म्हणजे परिपूर्ण.

पहिल्या मापात हाय-लोला ०.९७ गुण मिळतात. नॉक-आउटला ०.९८, वाँग हाव्ह्जला ०.९९. म्हणजे अर्ध्या-दीड गुणांची सगळी कसरत करून दोन शतांशांचा फरक. दुसऱ्या मापात चित्र बदलते. हाय-लोला ०.५१, तर ओमेगा टूला ०.६७. पण त्याच ओमेगा टूला पहिल्या मापात ०.९२ च मिळतात. एक्के वेगळे मोजले नाहीत, तर पैसे लावण्याच्या बाबतीत ही अवघड पद्धत हाय-लोच्या मागे पडते.

याचे कारण एक्क्यात आहे. पैसे लावताना एक्का मोलाचा, कारण त्याच्याशिवाय ब्लॅकजॅक होत नाही. पण १६ गुणांवर पान घ्यावे की नाही, हे ठरवताना एक्का लहान पानासारखा वागतो. तो आला तरी माणूस बाद होत नाही. एकच आकडा या दोन्ही कामांना पुरत नाही. कोणतीही पद्धत निवडली, तरी काहीतरी सोडावे लागते.

सहा किंवा आठ कॅटच्या खेळात फायद्याचा मोठा भाग योग्य वेळी जास्त पैसे लावण्यातून येतो. तिथे पहिले माप महत्त्वाचे. दुसरे माप एका कॅटच्या खेळात जास्त उपयोगी पडते आणि असे टेबल आता कमी झाले आहेत. डावातले निर्णय बदलण्याबाबतही डॉन श्लेसिंगर या अभ्यासकाने दाखवले, की तक्त्यातले शेकडो बदल पाठ करण्याची गरज नाही. त्यातले १८ बदल पाठ असले, तरी बहुतांश फायदा पदरात पडतो.

मेंदूची पाटी लहान

आतापर्यंतची तुलना न चुकणाऱ्या खेळाडूची झाली. संगणक चुकत नाही, माणूस चुकतो. आकडे काही क्षण धरून ठेवून त्यांच्यावर क्रिया करणाऱ्या मेंदूच्या व्यवस्थेला ‘कार्यस्मृती’ म्हणतात. हातची धरून बेरीज करताना किंवा दूरध्वनी क्रमांक ऐकून लिहून घेताना तीच वापरली जाते. ती एका लहान पाटीसारखी असते. नवे लिहायचे तर जुने पुसावे लागते. १९५६ मध्ये जॉर्ज मिलर यांनी तात्काळ स्मृतीची मर्यादा साधारण सात गोष्टींची असल्याचे मांडले. २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी पुराव्यांचा फेरआढावा घेऊन हा आकडा चारच्या आसपास आणला.

आता पत्ते मोजणाऱ्याच्या पाटीवर काय काय असते ते पाहा. चालू बेरीज, उरलेले कॅट, भागाकार, आपल्या पानांची बेरीज, डीलरचे उघडे पान, त्यासाठीचा योग्य निर्णय आणि लावायची रक्कम. शिवाय डीलरशी बोलायचे, पेय घेऊन आलेल्याला उत्तर द्यायचे आणि आपण मोजतो आहोत हे चेहऱ्यावर दिसू द्यायचे नाही. कारण नेव्हाडात नुसत्या डोक्याने मोजणे बेकायदा नसले, तरी कॅसिनो अशा खेळाडूला उठवू शकतो. या गर्दीत एक्क्यांची दुसरी मोजणी आणि अर्धे गुण बसवायचे, म्हणजे आधीच भरलेल्या पाटीवर आणखी लिहायचे.

चुकीची किंमत किती, याचाही हिशेब करता येतो. सहा कॅटच्या खेळात तीन कॅट उरले असताना बेरीज अधिक १२ असेल, तर खरी मोजणी चार. सुरुवातीचा अर्धा टक्का तोटा वजा केला, तर खेळाडू साधारण दीड टक्का पुढे. आता त्याआधीच्या पानांत तीन वेळा चिन्हाची गल्लत झाली, म्हणजे अधिक एकऐवजी वजा एक धरले, असे समजू. बेरीज सहाने चुकली. खरी मोजणी चारऐवजी दोन आली आणि फायद्याचा अंदाज एका टक्क्याने चुकला. उलट दिशेने तीच चूक झाली, तर कॅसिनो पुढे असतानाच माणूस जास्त पैसे लावतो. अवघड पद्धतीने कागदावर मिळवलेले दोन शतांश अशा चुकांपुढे टिकत नाहीत.

दडपणाचा परिणाम आणखी विचित्र आहे. शियान बायलॉक आणि थॉमस कार या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांची कार्यस्मृती चांगली, ते अवघड गणिते निवांतपणे इतरांपेक्षा चांगली सोडवत होते. दडपण आल्यावर मात्र त्यांचीच कामगिरी घसरली आणि त्यांची आघाडी संपली. ज्यांची कार्यस्मृती बेताची, त्यांच्यात फारसा फरक पडला नाही. हुशार माणूस अवघड रीत वापरतो, तिला पाटीवर जास्त जागा लागते आणि काळजी नेमकी तीच जागा खाते. त्यामुळे ‘माझे गणित चांगले आहे, मला अवघड पद्धत झेपेल’ हा भरवसा घरातल्या टेबलावर खरा ठरतो, पैसे लावलेल्या टेबलावर तो खरा ठरेलच असे नाही.

सरावाने हा भार हलका होतो, पण सोप्या पद्धतीत तो लवकर हलका होतो. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी बुद्धिबळपटूंवर केलेल्या अभ्यासात दिसले, की निष्णात खेळाडू सोंगट्या सुट्या पाहत नाहीत, ओळखीचे गट पाहतात. पत्ते मोजणारेही तेच करतात. राजा आणि पंजी शेजारी पडली, की हाय-लोत ती एकमेकांना खोडतात. मोजण्याची गरजच नाही. जिथे गुण फक्त अधिक एक आणि वजा एक असतात, तिथे अशा जोड्या पटकन दिसतात. दीड, एक आणि अर्ध्याच्या पद्धतीत त्या कमी जुळतात.

डॉक्टरही हेच करतात

ढोबळ गुणांनी काम का भागते, याचे उत्तर पत्त्यांच्या बाहेर मिळते. १९७९ मध्ये रॉबिन डॉज या मानसशास्त्रज्ञाने एक निबंध लिहिला. एखादा अंदाज बांधताना अनेक लक्षणे एकत्र करायची असतील, तर प्रत्येकाला नेमके किती महत्त्व द्यायचे, यावर फार डोके लावण्याची गरज नसते. योग्य लक्षणे निवडली आणि त्यांची दिशा बरोबर धरली, तर सर्वांना सारखे गुण देऊनही अंदाज चांगला येतो. हाय-लोचे ०.९७ हे त्याचेच उदाहरण. लहान पान कोणते आणि मोठे कोणते, एवढे बरोबर ओळखले, की बहुतेक काम झाले. बाकी बारीकसारीक सुधारणा.

बाळ जन्मल्यावर पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला डॉक्टर किंवा परिचारिका जो ‘ॲपगार’ गुणांक काढतात, तोही असाच. अमेरिकेतील भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया ॲपगार यांनी १९५२ मध्ये तो मांडला. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, प्रतिक्षिप्त प्रतिसाद आणि त्वचेचा रंग, या पाच गोष्टींना प्रत्येकी ०, १ किंवा २ गुण. एकूण दहा. त्वचेचा रंग आणि हृदयाचे ठोके यांचे वैद्यकीय महत्त्व सारखे नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. तरी गुण सारखेच. धावपळीच्या खोलीत, दमलेल्या माणसालाही जो चुकीशिवाय काढता येतो, तोच गुणांक तिथे उपयोगाचा.

मग निवड कशी करावी?

या सगळ्याचा निष्कर्ष सरळ आहे. पद्धत निवडताना ‘सर्वांत अचूक कोणती’ हा पहिला प्रश्न नाही. ‘दमल्यावर, गोंगाटात, पैसे लागलेले असताना मी कोणती न चुकता वापरेन’ हा पहिला प्रश्न आहे. अनेक कॅटच्या खेळात भागाकार झेपत नसेल, तर नॉक-आउट. नियमित सराव करणाऱ्याला हाय-लो पुरते. एमआयटीच्या विद्यार्थ्यांच्या प्रसिद्ध संघाने, ज्यांच्यावर पुढे ‘२१’ हा चित्रपट निघाला, तीच वापरली. गणितात तरबेज असलेल्यांनी सोपी पद्धत घेतली, ही गोष्ट बोलकी आहे. त्यांचा भर सरावावर आणि एकमेकांच्या चुका तपासण्यावर होता. एका कॅटचा, बराच खोलवर वाटला जाणारा खेळ मिळत असेल आणि हाय-लो हातात पूर्ण बसली असेल, तरच ओमेगा टूसारख्या पद्धतीचा विचार करण्यात अर्थ आहे.

एकदा निवडलेली पद्धत वारंवार बदलणेही महागात पडते. सत्तीला शून्य म्हणायची सवय लागलेल्या मेंदूला तिला एक म्हणायला लावले, की घाईच्या क्षणी जुनी सवय वर येते. तयारीची रूढ कसोटी म्हणजे एक पूर्ण कॅट सुमारे अर्ध्या मिनिटात बिनचूक मोजणे. तीही एकदा नव्हे, सलग अनेकदा आणि शेजारी कुणी बोलत असताना.

फायदा किती, धोका किती

ही कसोटी पार केली, तरी हाती काय लागते? समजा, एखादा खेळाडू सरासरी एक टक्का पुढे आहे आणि दर डावाला शंभर रुपये लावतो. शंभर डावांत त्याला सरासरी शंभर रुपयांची अपेक्षा. पण तेवढ्याच डावांत नशिबाचा चढउतार साधारण अकराशे ते बाराशे रुपयांचा असतो. म्हणजे बिनचूक मोजूनही तो अनेक दिवस हरून उठणार. अपेक्षित फायदा आणि चढउतार एकमेकांच्या बरोबरीला यायला तेरा हजारांहून जास्त डाव लागतात. तासाला ऐंशी डाव धरले, तर सुमारे १६५ तास. त्यात कॅसिनोंनीही बदल केले आहेत. कॅट वाढवले, लवकर पिसायला सुरुवात केली, सतत पिसणारी यंत्रे आणली. अनेक टेबलांवर ब्लॅकजॅकला दीडपटीऐवजी पाचास सहा या दराने पैसे मिळतात. या एका बदलाने कॅसिनोची आघाडी सुमारे १.४ टक्क्यांनी वाढते आणि मोजणीचा फायदा जवळजवळ गिळला जातो.

महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. १९७६ चा कधीच अमलात न आलेला कॅसिनो कायदा राज्याने २०२३ मध्ये रद्द केला. गोव्यात मात्र मांडवी नदीतल्या बोटींवर आणि पंचतारांकित हॉटेलांत कॅसिनो चालतात आणि तिथे जाणाऱ्यांत महाराष्ट्रातले पर्यटकही असतात. मोबाइलवरच्या खेळात संगणक साधारणपणे प्रत्येक डावाला कॅट नव्याने पिसतो. तिथे मोजणीला काही अर्थच नाही. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने २०२५ मध्ये कायद्याने बंदीही घातली आहे.

मानसशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत मोठा धोका निवडीतच दडलेला आहे. १९७५ मध्ये एलेन लँगर यांनी एका प्रयोगात काहींना एक डॉलरचे लॉटरीचे तिकीट स्वतः निवडू दिले, काहींना नुसते हातात दिले. ते परत विकणार का, असे विचारल्यावर ज्यांनी स्वतः निवडले होते, त्यांनी सरासरी आठ डॉलरांहून जास्त मागितले. इतरांनी सुमारे दोन. जिंकण्याची शक्यता सर्वांची सारखीच होती. निवड केली, की गोष्ट आपल्या ताब्यात आहे असे वाटू लागते. पत्ते मोजण्याच्या पद्धती वाचणे, तोलणे, त्यातली एक ठरवणे, यात तास जातात आणि त्या तासांनी हा भरवसा आणखी वाढतो. अर्धवट शिकलेला माणूस ‘माझ्याकडे पद्धत आहे’ म्हणून जास्त पैसे लावतो. हरला, तर ‘हा नशिबाचा चढउतार, पद्धत बरोबर आहे’ असे स्वतःला सांगतो. ते खरेही असू शकते आणि चुकीच्या मोजणीवर पांघरूणही असू शकते. टेबलावर बसलेल्या माणसाला दोन्हींतला फरक कळत नाही.

इथून जुगाराच्या विकारापर्यंतची वाट फार लांब नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात हा विकार म्हणून नोंदलेला आहे आणि अमेरिकी मनोविकार संघटनेने २०१३ पासून त्याला दारू-ड्रग्जच्या व्यसनांबरोबर ठेवले आहे. गमावलेले परत मिळवण्यासाठी पुन्हा खेळणे, रक्कम वाढवत नेणे, घरच्यांपासून लपवणे, उसने किंवा कर्ज काढून खेळणे, थांबायचे ठरवूनही न थांबता येणे, ही त्याची लक्षणे. ती स्वतःत किंवा घरातल्या कुणात दिसली, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ या मोफत सेवेवर १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास बोलता येते. समुपदेशनाने या विकारातून बाहेर पडता येते.

पत्ते मोजण्याची मजा घेण्यासाठी मात्र कॅसिनो लागत नाही. घरातला एक कॅट पिसून घ्यावा, एकेक पान उघडत हाय-लोने मोजावे आणि शेवटी शून्य येते का पाहावे. मग कुणाला तरी शेजारी बसून गप्पा मारायला सांगून तेच पुन्हा करावे. पहिल्या फेरीत शून्यावर आलेली बेरीज दुसऱ्या फेरीत दोन किंवा तीनवर अडली, तर आपली पाटी केवढी आहे, ते एकही रुपया न घालवता कळते.